प्रतिजैविकांच्या गावातील जनुक-चाचणी : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील एका प्रश्नाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहास बहुधा स्कूटर, मालमोटारी आणि त्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. मात्र या परिसराच्या औद्योगिक वाटचालीच्या आरंभी औषधाचा कारखाना उभा आहे, ही गोष्ट त्या कथनात मागे पडते. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखाने वाढले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर हाच पट्टा उत्तरेस चाकणपर्यंत पसरला. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. या वाढीबरोबर माणसांच्या आजारांचे स्वरूप पालटले आणि वैद्यकापुढील प्रश्नही पालटले. आजारी माणसाला काय द्यावे, या जुन्या प्रश्नाशेजारी, आजारी नसलेल्या माणसाची जनुकीय चाचणी करावी काय, म्हणजे आईवडिलांकडून मिळालेल्या वारशात एखाद्या रोगाचे मूळ आहे काय हे आधीच तपासावे काय, असा नवा प्रश्न येऊन बसला. त्याचे उत्तर चाचणीच्या अचूकतेवर अवलंबून असावे असे वरवर पाहता वाटते. परंतु निकाल हाती आल्यावर काय करता येते आणि तो निकाल कोणाच्या हाती जातो, या दोन गोष्टींनीच ते आजवर ठरत आले आहे.

पेनिसिलीनच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. न्यूमोनियाचे किंवा चिघळलेल्या जखमेचे कारण बाहेरून शिरलेला जंतू हे होते. तो ओळखला की औषध ठरे आणि औषध दिले की रोगी बहुधा बरा होई, त्यामुळे तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये शंकेला जागा उरत नसे. पिंपरीच्या संशोधनशाळेचे यशही याच विचारपद्धतीतले होते. एम. जे. तिरुमलाचार यांनी तेथे मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेताना एका जीवाला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव दिले आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीरोधक प्रतिजैविक मिळाले, त्यामुळे पवनाकाठच्या या खेड्याचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसले. (हीच कंपनी १९९७ मध्ये ‘आजारी उद्योग’ ठरली, आणि त्या आजारावर कोणतेही प्रतिजैविक लागू पडले नाही.) प्रतिजैविकांचा एक परिणाम मात्र त्या वेळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नव्हता. जी मुले पूर्वी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तापाने किंवा छातीच्या विकाराने दगावत आणि ज्यांच्या मृत्यूची नोंद त्या तापाच्या नावावरच होत असे, ती जगू लागली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत तापाच्या आड दडलेला आनुवंशिक आजार उघडा पडू लागला.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वसाहत पिंपरीत झाली, आणि आज ‘पिंपरी कॅम्प’ या नावाने ओळखली जाणारी बाजारपेठ तिच्यातूनच वाढली. मागे सर्वस्व टाकून आलेल्या या लोकांनी व्यापाराचे कसब आणि भाषा सोबत आणली, तसाच रक्तातील एक गुणधर्मही, ज्याची त्यांना स्वतःला कल्पना असण्याचे कारण नव्हते. सिंधी समाजात, तसेच लोहाणा, भानुशाली आणि काही पंजाबी समाजांत, बीटा थॅलेसेमिया या विकाराच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या तीन ते चार टक्के या सरासरीपेक्षा बरेच अधिक असल्याचे पुढील काळातील अनेक पाहण्यांत आढळले. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक घटक तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. एक प्रत सदोष असेल तर मनुष्य ‘वाहक’ असतो, त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात, आणि थोड्याशा पांडुरतेखेरीज त्याला आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तर थॅलेसेमिया मेजर होतो, ज्यात मुलाला जन्मानंतर काही महिन्यांतच दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या रक्ताबरोबर आलेले लोह हृदयात आणि यकृतात साठत जाते व ते बाहेर काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत असे मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, मग आधीचे मूल निरोगी असो वा नसो.

डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी या आजाराचे वर्णन १९२५ मध्ये केले आणि भारतातील पहिली नोंद १९३८ मध्ये कलकत्त्याहून झाली. तो विशिष्ट समाजांत का आढळतो, याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण जे. बी. एस. हाल्डेन यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तर्कापर्यंत मागे जाते : जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तेथे वाहक व्यक्ती हिवतापातून तुलनेने अधिक प्रमाणात वाचल्या, आणि म्हणून तो सदोष जनुक टिकून राहिला. ज्या गुणधर्माने पूर्वजांना तारले तोच वंशजांना बाधतो, असा हा विलक्षण व्यवहार आहे. त्याला भारतात जोड मिळाली ती जातीतल्या जातीत लग्ने करण्याच्या रूढीची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी जात म्हणजे विस्तारलेला नातेसंबंधांचा गट होय, अशी मांडणी केली होती, आणि मुंबईत वि. रा. खानोलकर व एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्येच तेथील अंतर्विवाही, म्हणजे गटाबाहेर लग्न न करणाऱ्या, सहा गटांतील आनुवंशिक गुणांची तुलना प्रसिद्ध केली होती. मुंबईतच १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘बॉम्बे’ या नावाने जगभर ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट सापडला. रक्त आणि वारसा यांचा संबंध तपासण्याची परंपरा या प्रदेशात म्हणजे जुनी आहे, आणि तिचा निष्कर्ष असा की दोष समाजाचा नसतो. लहान वर्तुळात लग्ने होत राहिली की कोणत्याही समाजात त्याचा त्याचा एखादा सदोष जनुक साचत जातो.

थॅलेसेमियाची वाहक-चाचणी उपयुक्त आहे, याविषयी तज्ज्ञांत आज दुमत नाही, आणि त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. चाचणी साधी आहे : नेहमीच्या रक्तगणनेत तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या की हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे प्रमाण मोजले जाते, आणि त्यांपैकी ए-२ हा प्रकार साधारणतः साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर गेला तर व्यक्ती वाहक ठरते. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा निघू शकतो, एवढी सावधगिरी मात्र बाळगावी लागते. जेथे यंत्र नाही तेथे पातळ मिठाच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघ स्पष्ट दिसते की नाही, एवढ्यावर पहिली चाळणी लावता येते. चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते, निकाल बहुतांशी निःसंदिग्ध असतो, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर घेण्याजोगा निर्णय समोर असतो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी-तपासणीचे जे निकष मांडले, त्यांत आजार गंभीर असावा, तपासणी लोकांना मान्य होण्याजोगी असावी आणि निष्पन्न झालेल्या गोष्टीवर उपाय उपलब्ध असावा, या अटी होत्या. ही चाचणी त्या बव्हंशी पुऱ्या करते. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून राबविलेल्या मोहिमेने थॅलेसेमिया मेजर असलेल्या बालकांचे जन्म जवळजवळ थांबले, आणि तेथे चर्चनेही विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली.

पण सायप्रसचा धडा जसाच्या तसा येथे उचलता येत नाही. सोयरीक ठरविताना पत्रिका, कुळ, घरची मिळकत यांची चौकशी उघडपणे होते आणि रक्ताची मात्र चोरून, कारण ‘वाहक’ हा शब्द ऐकताच समोरचे घर मुलीत खोट आहे असे समजते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर अपत्याला मेजर आजार होऊ शकत नाही, ही साधी गोष्ट लग्नाच्या बैठकीत पोहोचत नाही. परिणामी चाचणी पुढे ढकलली जाते आणि तिची आठवण गर्भवती स्त्रीच्या पहिल्या तपासणीत होते, जेव्हा पत्नीचा निकाल वाहक आला तर पतीचे रक्त तातडीने तपासावे लागते आणि दोघेही वाहक निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश काढून गर्भाची चाचणी करावी लागते. जी गोष्ट शांतपणे, अविवाहित वयात, कॉलेजात किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षी व्हायला हवी, ती अशा रीतीने घाईत होते आणि तिचा भार एकट्या स्त्रीवर पडतो. चाचणीचा उपयोग येथे तिच्या वेळेवर अवलंबून आहे, आणि वेळ चुकविणारी व्यवस्था वैद्यकाची नसून घराची आहे.

गर्भाची चाचणी हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की एका वेगळ्या, अप्रिय इतिहासाकडे जावेच लागते. गर्भजल काढून त्यातील पेशींचे परीक्षण करण्याचे तंत्र भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यास आले ते गर्भातील विकृती ओळखण्यासाठी, आणि काही वर्षांतच ते मुलगी आहे की मुलगा हे सांगण्याच्या धंद्याला जुंपले गेले. मुंबईतील स्त्रीसंघटनांनी आणि डॉक्टरांतील काही जागरूक मंडळींनी १९८० च्या दशकात त्याविरुद्ध आवाज उठविला आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये या तंत्रावर बंधने घालणारा देशातील पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. कायदा कागदावरच राहिल्यामुळे २००० मध्ये सेहत आणि पुण्याची मासूम या संस्थांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. दरम्यान राज्यातील सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कारखान्यांचा, रोखीच्या पगाराचा आणि सोनोग्राफीच्या दुकानांचा हा भरभराटीचा काळ होता, आणि समृद्धीने ही प्रवृत्ती रोखली नाही. जनुकीय चाचणीच्या संदर्भात या प्रकरणाचे महत्त्व असे की रक्तविकारासाठी गर्भाची तपासणी करण्याची मुभा त्याच कायद्याने दिलेली आहे, परंतु नोंदणीकृत केंद्रातच, ठरावीक आजारांसाठी आणि स्त्रीच्या लेखी संमतीने. एकाच सुईने दोन निकाल निघू शकतात, हे येथील समाजाने स्वतःच सिद्ध केले असल्यामुळे चाचणी आणि कायदा यांना एकमेकांपासून सुटे करता आले नाही.

घराबाहेर, कारखान्याच्या फाटकावर, हा प्रश्न वेगळ्याच वळणाने येतो, आणि या पट्ट्याच्या दृष्टीने तेच त्याचे सर्वांत नाजूक रूप आहे. कामगाराच्या जन्मजात घडणीवरून त्याला विशिष्ट कामावर घ्यावे की नाही हे ठरवावे, ही कल्पना पुन्हा हाल्डेन यांच्याकडेच सापडते : कुंभारकामातील धुळीने सर्वांनाच श्वासनलिकेचा विकार होत नाही, तेव्हा ज्यांची घडण त्याला अनुकूल आहे त्यांना त्या कामापासून दूर ठेवता येईल, असा विचार त्यांनी १९३८ मध्ये मांडला होता. डाव्या विचारांच्या या शास्त्रज्ञाच्या मनात कामगाराचे हित होते. पंचवीस वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेतील औद्योगिक आरोग्याच्या दोन संशोधकांनी रक्तपेशी फोडणाऱ्या रसायनांशी काम करणाऱ्यांची जी-६-पी-डी या विकराच्या जन्मजात कमतरतेसाठी तपासणी करावी असे सुचविले. ही कमतरता पारशांसह भारतातील अनेक समाजांत आढळते. मात्र हितासाठी सुचविलेल्या तपासणीचे पुढे काय होते हे १९८० मध्ये दिसले, जेव्हा ड्यूपाँट ही रसायन कंपनी कृष्णवर्णीय कामगार सिकल-सेल या रक्तविकाराचे वाहक आहेत काय याची तपासणी करीत असल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले. पुढे २००१ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने मनगटाच्या दुखापतीची भरपाई मागणाऱ्या कामगारांच्या रक्ताची त्यांना न सांगता जनुकीय तपासणी केल्याचे निष्पन्न झाले आणि तिला भरपाई द्यावी लागली. दुखापतीचे मूळ यंत्रावरील कामात नसून कामगाराच्या जनुकात आहे, असे दाखविता आले असते तर भरपाईची जबाबदारी टळली असती, हा त्यामागील हिशेब उघड होता. अशा अनुभवांनंतर अमेरिकेने २००८ मध्ये नोकरीत आणि आरोग्यविम्यात जनुकीय माहितीचा वापर निषिद्ध केला.

सिकल-सेल हा चाकण-भोसरीला परका विषय नाही. हिमोग्लोबिनमधील वेगळ्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा हा विकार भारतात प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत ओळखला गेला, १९५८ मध्ये नागपुरातून त्याची नोंद झाली, आणि विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. त्याच भागांतून माणसे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी येत आली आहेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य आहे आणि तपासलेल्या व्यक्तीला निकालाचे कार्ड दिले जाते. विवाहाच्या आणि उपचाराच्या दृष्टीने हे कार्ड मोलाचे आहे. तेच कार्ड नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत टेबलावर आले तर काय होईल, हा प्रश्न मात्र मोहिमेच्या कागदपत्रांचा नसून कामगार कायद्याचा आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाच्या काळात कामगाराला कामावरून काढण्यास मनाई केली आहे. जो आजारी नाही आणि ज्याला अजून कामावर घेतलेलेच नाही, त्याच्यापर्यंत ते संरक्षण पोहोचत नाही. कंत्राटदारामार्फत येणाऱ्या मजुराला नकाराचे कारणही सांगितले जात नाही. वाहक हा रोगी नव्हे, आणि धूळ, उष्णता व रसायने यांपासून बचाव करण्याची जबाबदारी प्रथम कारखान्याची आहे. धोका कमी करण्याऐवजी धोका सोसू शकणारा माणूस निवडणे हा सोयीचा आणि म्हणूनच मोहात पाडणारा मार्ग आहे.

अलीकडे या सर्वांहून वेगळी अशी एक चाचणी बाजारात आली आहे, जी लाळेच्या नमुन्यावरून मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा अशा डझनावारी आजारांचा भावी धोका सांगते आणि वरच्या पगाराच्या नोकरदारांना भेट-योजनेसारखी विकली जाते. थॅलेसेमियाला एक जनुक पुरतो. मधुमेहासारख्या आजारात शेकडो जनुकांचा प्रत्येकी अल्पसा वाटा असतो आणि त्यांची बेरीज करून ‘बहुजनुकीय धोका’ काढला जातो. ही बेरीज ज्या अभ्यासांवर उभी आहे त्यांतील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची होती, २०१६ मधील एका मोजणीनुसार पाचांपैकी चार, त्यामुळे येथील माणसाला ती बेतानेच लागू पडते. या बाबतीत पुण्याजवळच घडलेले संशोधन अधिक बोलके आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्यालगतच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला आणि तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील ३.५ किलोच्या बालकांहून पुष्कळ लहान असूनही, त्यांच्या अंगात चरबी तुलनेने टिकून असल्याचे दाखविले. मधुमेहाची पूर्वतयारी आईच्या पोषणातून, गर्भातच, सुरू होते असा त्याचा रोख होता. ज्या माणसाच्या आईने शेतात उपाशीपोटी राबून त्याला जन्म दिला आणि जो आता रात्रपाळी करून वडापावावर वेळ निभावतो, त्याला लाळेच्या अहवालाने नवे असे काय कळणार? कंबरेचा घेर आणि उपाशीपोटीची साखर मोजणे अधिक स्वस्त आणि अधिक उपयोगाचे आहे.

जेथे एकाच जनुकाचा प्रभाव मोठा असतो तेथे ही टीका लागू होत नाही. बीआरसीए-१ हा १९९४ मध्ये हाती लागलेला जनुक सदोष असेल तर स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, आणि बारकाईने तपासण्या, शस्त्रक्रिया, बहिणी-मुलींना सूचना असे मार्ग मोकळे असतात. म्हणून ज्या घरात आई, मावशी, बहीण यांना तरुण वयात हा आजार झाला आहे तेथे चाचणी करावी, आणि आधी आजारी व्यक्तीचीच करावी, म्हणजे इतरांत नेमके काय शोधायचे ते कळते. चाचणीपूर्वी समुपदेशन, म्हणजे निकालाचे सर्व अर्थ समजावून सांगणे, येथे अनिवार्य आहे, कारण ‘अर्थ अनिश्चित’ असा शेराही अनेकदा पदरी पडतो.

निकाल कोणाच्या हाती जावा याविषयी भारतीय कायदा अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. आरोग्यविम्यातून जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भेदभावाची ठरविली आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने त्या सबबीवर दावे न नाकारण्याविषयी कंपन्यांना कळविले. नोकरभरतीत जनुकीय माहिती मागण्यास वा वापरण्यास थेट मनाई करणारा कायदा मात्र देशात नाही. थॅलेसेमियाची आणि सिकल-सेलची वाहक-चाचणी सार्वजनिक रुग्णालयात, विवाहापूर्वी आणि गुप्ततेच्या हमीसह मिळावी, आणि कारखान्याच्या फाटकावर ती कोणालाही मागता येऊ नये, अशी तरतूद महाराष्ट्राने केंद्राची वाट न पाहता करावी. १९८८ मध्ये गर्भलिंग चाचणीच्या बाबतीत त्याने तसे करून दाखविले आहे.